‘मॅडम, हे कुठल्या रकान्यात लिहू?’ : फिजिओथेरपी महाविद्यालयांच्या प्राचार्यांना आणि संशोधन-मार्गदर्शकांना खुले पत्र

आदरणीय प्राचार्य, विभागप्रमुख आणि माझ्यासारखीच दरवर्षी पाच-सहा प्रोजेक्टवर ‘गाइड’ म्हणून सही करणारी सहकारी मंडळी,

सप्रेम नमस्कार.

आधी आमच्या ओपीडीतली एक सकाळ सांगते. पावसाळ्याचे दिवस होते, गर्दी कमी होती. गुडघेदुखीच्या एक आजी प्लिंथच्या, म्हणजे तपासणीच्या पलंगाच्या, कडेला बसल्या होत्या आणि आमची इंटर्न त्यांच्याकडून वोमॅकचा फॉर्म भरून घेत होती. गुडघ्याच्या संधिवातासाठी जगभर वापरली जाणारी ही प्रश्नावली आपल्या सगळ्यांच्या परिचयाची आहे. तिच्यात २४ प्रश्न आहेत: पाच वेदनेचे, दोन ताठरपणाचे आणि सतरा रोजच्या हालचालींचे. छापील फॉर्म इंग्रजीत होता. मुलगी एकेक प्रश्न मनातल्या मनात वाचायची आणि जमेल तसा मराठीत विचारायची.

“आजी, मोजे घालताना किती दुखतं?”

“मोजे? मी कशाला घालू मोजे?”

मुलीने शून्य लिहिले. बाथटबचा प्रश्न आला, तो तिने विचारलाच नाही, तिथेही शून्य. मग गाडीत चढण्या-उतरण्याचा. आजी म्हणाल्या, “यष्टीत व्हय? यष्टीत पोरगं हात देतंय.” ती पेन हातात धरून थांबली. तेवढ्यात आजीच बोलल्या, “आगं, चुलीम्होरं खाली बसून भाकरी थापता येईना झालंय मला. वट्यावर उभ्यानं थापते, पर हाताला जोर येत न्हाई. ते लिही की.”

मुलीने फॉर्म उलटून मागची बाजू पाहिली. मग माझ्याकडे वळून विचारले, “मॅडम, हे कुठल्या रकान्यात लिहू?”

मी म्हणाले, “स्केलमध्ये नाही ना? मग सोडून दे.”

माझ्या त्या उत्तरावर मी बरेच दिवस विचार करते आहे. संशोधनाचा प्रश्न आपण होऊन ओपीडीत चालत आला होता, एका बावीस वर्षांच्या मुलीने तो ओळखला होता, आणि तिच्या शिक्षिकेने तो सोडून द्यायला सांगितला. पुढे दोन महिन्यांनी याच मुलीने प्रोजेक्टसाठी विषय विचारला, तेव्हा मी तिला मागच्या बॅचच्या विषयांची यादी काढून दिली.

स्टाफरूममध्ये आपण म्हणतो की मुलांना संशोधनात रसच नाही. गूगल फॉर्म हॉस्टेलच्या ग्रुपवर टाकतात, दोन दिवसांत शंभर उत्तरे गोळा करतात आणि झाला यांचा सर्व्हे. सिनॉप्सिस, म्हणजे प्रोजेक्टचा आराखडा, आदल्या वर्षीच्या ताईकडून आणतात, त्यात ‘नेक’च्या जागी ‘शोल्डर’ करतात. रिव्ह्यू ऑफ लिटरेचर म्हणजे वीस अ‍ॅब्स्ट्रॅक्ट एकाखाली एक चिकटवलेली. हे सगळे खरे आहे आणि माझीही हीच तक्रार होती. आता मला वाटते की त्यांना कंटाळा आला आहे तो आपण ‘संशोधन’ म्हणून त्यांच्या हातात ठेवतो त्या वस्तूचा. ती त्यांनी आपल्याकडूनच ओळखली आहे. सिनॉप्सिसचा साचा, एथिक्स कमिटीची तारीख, स्टॅटिस्टिशियनकडून आलेले टेबल, प्लेजरिझमचा आकडा, बाइंडिंग, सही. फायनलच्या मुलांना मी एकदा विचारले की रिसर्च म्हटल्यावर काय आठवतं. बहुतेकांचे उत्तर होते, “पी व्हॅल्यू पॉइंट झिरो फाइव्हच्या खाली यायला पाहिजे.” म्हणजे दिसलेला फरक निव्वळ योगायोगाचा नसावा असे सुचवणारा आकडा. रुग्ण हा शब्द एकाच्याही तोंडून आला नाही.

आणि तरी हीच मुले वॉर्डात किती प्रश्न विचारतात! पॅरालिसिसच्या रुग्णाला नक्की कधी उठवून बसवायचं? स्ट्रेचिंग तीस सेकंदच का? आयएफटी, म्हणजे विजेच्या प्रवाहाचं मशीन, लावल्यावर बरं वाटतं ते करंटने की दहा मिनिटं निवांत पडल्याने? रुग्ण तर रोज विचारतात, “आज मशीन नाही लावली?” या प्रश्नांना आपण ‘शंका’ म्हणतो, दोन वाक्यांत उत्तर देतो आणि पुढच्या बेडकडे जातो.

यातल्या पहिल्याच प्रश्नाचे बघा. आपण सगळे शिकलो आणि शिकवत आलो की स्ट्रोकच्या रुग्णाला जितक्या लवकर हलवाल तितके चांगले. ज्युली बर्नहार्ट या ऑस्ट्रेलियातल्या फिजिओथेरपिस्टलाही तसेच वाटत होते. पण त्यांनी ते तपासायचे ठरवले. पाच देशांतल्या ५६ स्ट्रोक युनिटमधले २१०४ रुग्ण, चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट. एका गटाला नेहमीची शुश्रूषा. दुसऱ्याला चोवीस तासांच्या आत सुरुवात करून जास्त वेळा आणि जास्त वेळ बेडबाहेर. २०१५ मध्ये निकाल आला. तीन महिन्यांनी स्वतःचे स्वतः करू शकणारे रुग्ण नेहमीच्या गटात ५० टक्के होते, लवकर आणि जास्त हलवलेल्या गटात ४६ टक्के. पहिल्या दिवशीच भरपूर मेहनत करून घेतल्याने थोडे नुकसानच होत होते. स्वतःच्या विश्वासाच्या विरुद्ध गेलेला निकाल त्यांनी जसाच्या तसा छापला. या अभ्यासाचे ‘एव्हर्ट’ हे नाव माझ्या बहुतेक विद्यार्थ्यांना ठाऊक आहे, एका मार्काच्या प्रश्नासाठी. त्याची आखणी करणारी बाई त्यांच्याच पेशातली आहे, हे मात्र त्यांना कोणी सांगितलेले नसते.

आपल्या देशातलेही उदाहरण आहे. स्ट्रोकनंतर घरी गेलेल्या रुग्णाचे व्यायाम घरच्या माणसाला शिकवून करून घेतले तर फरक पडेल का? आपल्याकडे फिजिओथेरपिस्ट गावोगावी नाहीत, म्हणून हा प्रश्न भारतात फार मोलाचा. १४ भारतीय रुग्णालयांत १२५० रुग्णांवर ‘अटेंड’ हा अभ्यास झाला आणि २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. सहा महिन्यांनी मृत्यू किंवा परावलंबन दोन्ही गटांत ४७ टक्के, म्हणजे फरक नाही. हाच निकाल माझ्या एखाद्या इंटर्नने आणला असता तर आपण काय म्हणालो असतो? “नॉन-सिग्निफिकंट आलंय, परीक्षकांना काय सांगणार?” असेच ना?

हे वाक्य मी स्वतः ऐकलेले आहे, म्हणून लिहिते. माझा मास्टर्सचा प्रबंध जखडलेल्या खांद्यावर होता. तीस रुग्ण, पंधरा-पंधराचे दोन गट. मध्यावर चार बायका यायच्या बंद झाल्या. मी चौघींचा माग काढला. एकीची भातलावणी सुरू झाली होती. दुसरीला दोन एसट्या बदलून यावे लागे आणि त्यात अर्ध्या दिवसाची मजुरी जाई. तिसरीला सून बाळंतपणाला माहेरी गेल्याने घर सोडता येत नव्हते. चौथी म्हणाली, हात वर जायला लागला, आता कशाला येऊ. हे सगळे मी अर्ध्या पानात लिहिले होते. माझ्या मार्गदर्शकांनी ते वाचले आणि म्हणाले, “हा पॅरा काढ, व्हायवात उगाच प्रश्न निघतील. चार नवीन पेशंट घे, तीस पूर्ण कर.” मी काढला. चार नवीन रुग्ण घेतले. तीस पूर्ण केले. मला चांगले गुण मिळाले.

रँडमायझेशनची, म्हणजे चिठ्ठ्या टाकून गट पाडण्याची, व्याख्या मला तेव्हा तोंडपाठ होती. पण गट एकदा पडल्यावर त्यात हात घातला की चिठ्ठ्या टाकण्याला अर्थच उरत नाही, हे मला कळायला पुढे बरीच वर्षे लागली. ज्याला ज्या गटात टाकले त्याला, तो मधेच सोडून गेला तरी, त्याच गटात मोजायचे हा नियम पुस्तकात होता. माझ्या प्रबंधात नव्हता. आणि आज कोणी विचारले की त्या प्रबंधात जपून ठेवण्यासारखे काय होते, तर ते काढून टाकलेले अर्धे पान. कुठल्या तंत्राने खांदा आठ अंश जास्त उघडला यापेक्षा, बाई तिसऱ्या आठवड्यात यायची का थांबते हे आपल्या जिल्ह्यांतल्या प्रत्येक फिजिओथेरपिस्टला हवे आहे. ते पान माझ्या जुन्या वहीत आहे. प्रबंध ग्रंथालयात आहे.

मार्गदर्शकांवर मला राग धरायचा नाही. त्यांनाही कोणी याहून वेगळे शिकवले नव्हते. पण मीही पुढे काही वर्षे माझ्या विद्यार्थ्यांना असेच पॅरे काढायला सांगितले, आणि ते आता थांबवायचे आहे.

पंधरा-पंधराच्या गटांबद्दल आणखी थोडे बोलले पाहिजे, कारण आपल्या बहुतेक प्रोजेक्टचा आकार तोच असतो. समजा दोन उपचारांत खरोखरच मध्यम दर्जाचा फरक आहे; संख्याशास्त्राच्या भाषेत अर्ध्या स्टँडर्ड डेव्हिएशनचा. तो पाचपैकी चार वेळा पकडायचा असेल तर प्रत्येक गटात साधारण ६४ रुग्ण लागतात. पंधरा-पंधरा घेतले तर तो फरक चारपैकी जेमतेम एकदा हाती लागतो, तीनदा निसटतो. म्हणजे मुलगा सहा महिने राबतो, रुग्ण सांध्याचा कोन मोजणारे गोनिओमीटर लावून घेतात, संमतीपत्रावर अंगठे उठतात, आणि अभ्यासाला उत्तर मिळण्याची शक्यता पहिल्या दिवसापासूनच पाव हिश्श्याची असते. मग उत्तर ‘आणण्याचा’ मोह होतो. मुले अप्रामाणिक नसतात. आपण त्यांना अशा जागी उभे करतो की प्रामाणिक राहिले तर हातात काही उरत नाही.

यावर उपाय आहे आणि तो महागडा नाही. एकच प्रश्न पाच महाविद्यालयांनी वाटून घ्यायचा. ६४ आणि ६४ मिळून १२८ रुग्ण, म्हणजे प्रत्येक महाविद्यालयाच्या वाट्याला २६. सोडून जाणारे धरून तीस-बत्तीस म्हणा. एवढे तर आपली एकेक इंटर्न आजही गोळा करते. एकच प्रोटोकॉल, एकच मोजण्याची पद्धत, नोंदणी आधी. २०१८ च्या एप्रिलपासून रुग्णांवरच्या चाचण्यांची नोंद ठेवणारी आपली क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री पहिला रुग्ण घेण्याआधीच नोंदणी करून घेते, नंतर नाही. मुलांना ती कटकट वाटते, कारण तिचे कारण त्यांना आपण सांगत नाही. आधी लिहून ठेवले की काय मोजणार, तर नंतर जे जुळले तेच मोजायचे होते असे म्हणता येत नाही. एवढे सांगितले तर फर्स्ट इयरच्या मुलालाही पटते. अडचण आहे ती आपलीच: प्रबंधावर नाव कोणाचे, गाइड कोण, श्रेय कोणत्या महाविद्यालयाचे. प्राचार्यांनी मनावर घेतले तर हे एका बैठकीत सुटेल.

दुसरे, दोन उपचारांची तुलना म्हणजेच संशोधन ही समजूत मोडली पाहिजे. माझ्या दोन इंटर्ननी एकाच रुग्णाचा गुडघा मोजला. एकीला वाकण्याचे ११० अंश मिळाले, दुसरीला ११८. दोघी विचारायला आल्या की कोणते लिहायचे. “सरासरी काढा” असे उत्तर बऱ्याच ठिकाणी मिळते. पण आठ अंशांचा फरक मोजणाऱ्यांतच असेल, तर आठ अंशांनी सुधारणा झाली असे सांगणाऱ्या प्रबंधावर विश्वास कसा ठेवायचा? दोन मोजणारे किती जुळतात, तोच मोजणारा आठवड्याने मोजताना स्वतःशी किती जुळतो, हा अगदी सरळ, करता येण्याजोगा, पूर्ण प्रोजेक्ट आहे. आपण त्याला ‘हलका’ विषय म्हणून बाजूला सारतो. ओपीडीचे ऑडिटही असेच: गेल्या वर्षी पाठदुखीचे किती रुग्ण आले, किती जणांना नुसता शेक आणि मशीन मिळाले, किती जणांना व्यायाम शिकवला, किती जण तिसऱ्यांदा आले. रजिस्टर कपाटात पडलेलेच आहे. बहुधा हे ऑडिट आपल्यालाच अवघड वाटेल, कारण त्यातून आपले काम दिसेल.

मशीनचा विषय निघालाच आहे तर दुखऱ्या भागावर ध्वनिलहरी सोडणाऱ्या अल्ट्रासाऊंडचेही सांगते. २००१ मध्ये रॉबर्टसन आणि बेकर या संशोधकांनी १९७५ ते १९९९ या काळातल्या ३५ चाचण्या तपासल्या. त्यांतल्या दहाच नीट केलेल्या होत्या. या दहांपैकी आठांत अल्ट्रासाऊंड हे बंद मशीनपेक्षा सरस ठरले नाही, दोनांतच थोडाफार फायदा दिसला. याला आता दोन दशकांहून जास्त काळ लोटला. आपल्या किती ओपीडींत आज सकाळी जेल लावून हेड फिरत असेल! मी हे वर्गात सांगितले तेव्हा एक मुलगा म्हणाला, “मग आम्ही प्रॅक्टिकलला त्याचे डोस पाठ का करतो?” त्याला उद्धट ठरवणे सोपे होते. पण संशोधन वाचणाऱ्या विद्यार्थ्याने नेमका हाच प्रश्न विचारायला हवा, आणि तो ऐकायची तयारी आपली हवी. आपल्यापैकी कित्येकांना मुलांनी पेपर वाचू नयेत असे आतून वाटते का, हे प्रत्येकाने स्वतःशी तपासावे. कारण वाचणारे मूल आधी आपल्यालाच अडवते.

वाचायला लागते काय? सिडनीहून १९९९ पासून चालणारा ‘पेड्रो’ हा डेटाबेस फुकट आहे आणि खास फिजिओथेरपीचाच आहे. प्रत्येक चाचणीला दहापैकी गुण दिलेले असतात आणि ते का दिले हेही असते. आम्ही गुरुवारी दुपारी ओपीडी रिकामी झाली की प्लिंथभोवतीच बसतो. त्या आठवड्यात आलेल्या एका रुग्णाचा एक प्रश्न आणि त्यावरचा एकच पेपर. पहिले दोन महिने मुले अ‍ॅब्स्ट्रॅक्टच्या शेवटच्या ओळीपुढे जात नव्हती. आता ती ‘मेथड’पाशी थांबून भांडतात. सेमिनार हॉल, प्रोजेक्टर, चहा-बिस्किटे यांतले काहीच लागले नाही.

पैसे घेऊन तीन दिवसांत ‘आंतरराष्ट्रीय’ लेख छापणाऱ्या जर्नलांबद्दल एवढेच म्हणेन: आपल्या मूल्यमापनाच्या रकान्यासाठी विद्यार्थ्याच्या वडिलांचे काही हजार रुपये खर्च होत असतील तर ते थांबवणे आपल्या हातात आहे.

आपल्या पेशाचा जन्म तरी कशातून झाला? १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला मुंबईत पोलिओची साथ आली आणि केईएममध्ये देशातले पहिले फिजिओथेरपी विद्यालय उभे राहिले. ज्या शून्य ते पाचच्या श्रेणीत आपली मुले रोज स्नायूंची ताकद लिहितात, तिची मुळेही पोलिओतच आहेत. १९१० च्या दशकात अमेरिकेत डॉ. रॉबर्ट लव्हेट आणि त्यांच्या सहकारी विल्हेल्मिन राइट पोलिओ झालेल्या मुलांचे स्नायू हाताने तपासत होते. कुठला स्नायू किती उरला आहे, हे लिहायला त्यांच्याकडे रकाना नव्हता. त्यांनी तो तयार केला.

मांडी घालणे, उकिडवे बसणे, पाटावरून उठणे, जमिनीवर बसून भाकरी थापणे, डोक्यावर मोळी घेऊन ट्रकच्या फळीवर चढणे, आळंदीहून पंढरपूरपर्यंत चालणे, वाकून दिवसभर रोपे लावणे. हे मोजायचे रकाने कोण तयार करणार? उसाची मोळी उचलणाऱ्या बाईच्या कंबरेचा अभ्यास सिडनी किंवा बोस्टनमध्ये होणार नाही. आणि आहेत त्या प्रश्नावल्या मराठीत आणायच्या, तर प्रत्येक इंटर्नने प्लिंथपाशी उभ्या-उभ्या केलेले भाषांतर चालत नाही. दोघांनी वेगवेगळे भाषांतर करायचे, ते जुळवायचे, मूळ न पाहिलेल्या तिसऱ्याने ते परत इंग्रजीत न्यायचे, फरक तपासायचे, मग वीस-तीस रुग्णांना विचारायचे की या वाक्यातून तुम्हाला काय समजलं. सहा विद्यार्थ्यांना वर्षभर पुरेल असे हे काम आहे. त्यातली सोलापूरची मुलगी आणि चिपळूणचा मुलगा ‘ताठरपणा’ला काय म्हणायचे यावर वाद घालतील, तेव्हा ती संशोधन करत असतील.

हे सगळे आत्ता लिहायला कारण आहे. फिजिओथेरपीसारख्या आरोग्य-पेशांसाठी २०२१ चा कायदा झाला, त्यांचा राष्ट्रीय आयोग आला, २०२५ मध्ये केंद्राने फिजिओथेरपीसह दहा शाखांचे क्षमताधारित अभ्यासक्रम जाहीर केले. विद्यापीठे आणि महाविद्यालये आता आपापले लॉगबुक, प्रोजेक्टचे नमुने, गुणांची विभागणी नव्याने बसवतील. एकदा साचा बसला की पुढची दहा-पंधरा वर्षे तोच चालतो. म्हणून ज्यांच्या हातात तो साचा आहे त्यांना माझी हात जोडून विनंती आहे. सिनॉप्सिसच्या पहिल्या पानावर शीर्षकाच्या आधी एक जागा ठेवा: हा प्रश्न तुला कोणत्या रुग्णापाशी पडला? परीक्षकांच्या गुणपत्रिकेत निकालाच्या दिशेला शून्य गुण ठेवा आणि सोडून गेलेल्या रुग्णांची कारणे लिहिली असतील तर त्याला गुण ठेवा. गटाने केलेले आणि महाविद्यालयांनी मिळून केलेले प्रोजेक्ट मान्य करा. आणि आम्हा मार्गदर्शकांना शिकवा. आमच्यापैकी अनेकांनी सॅम्पल साइज, म्हणजे अभ्यासाला किती रुग्ण लागतील ते, स्वतः कधी काढलेला नाही. हे कबूल करायला आम्हाला व्यासपीठ द्या, शरम वाटू देऊ नका.

त्या इंटर्नला मी नंतर बोलावून घेतले आणि माझे उत्तर चुकले होते असे सांगितले. यादीतला विषय तिने परत केला. तिने आणि तिच्या दोन मैत्रिणींनी वोमॅकला हात न लावता त्याच्यामागे एक वेगळा कागद जोडला आहे. गुडघेदुखीच्या प्रत्येक रुग्णाला त्या आधी एवढेच विचारतात: गुडघ्यामुळे तुमचं घरातलं, शेतातलं कोणतं काम अडलंय? उत्तर रुग्णाच्या शब्दांत, जसेच्या तसे. आजवर ५२ जणांची उत्तरे झाली आहेत. भाकरीचे त्यांत वारंवार येते. देवळात मांडी घालून बसता न येण्याचेही, आणि शेतात शौचाला बसण्याचे, जे आम्ही आजवर कधी विचारलेच नव्हते.

कागद अजून कच्चा आहे. त्यातून प्रश्न निवडायचे, ते तपासायचे, दोन वेळा विचारून उत्तर तेच येते का पाहायचे, हे पुढे आहे, आणि आमच्या एका ओपीडीतले रुग्ण त्याला पुरणार नाहीत. कोकणातली आणि विदर्भातली एकेक ओपीडी बरोबर हवी, कारण तिथले गुडघे वेगळ्या कामांत अडत असतील. आपल्यापैकी कोणाची तयारी असेल तर पुढच्या बॅचचे सिनॉप्सिस जमा व्हायच्या आधी बोलू या. कागद मागाल त्याला मी पाठवीन. त्यावर त्या तीन मुलींची नावे आहेत, तेवढी तशीच राहू द्या.

आपली नम्र,
एक मार्गदर्शक शिक्षिका